दिसला, पण ओळखला नाही : जठरव्रणाच्या निदानाचा इतिहास

पोटाच्या विकारांविषयी शिक्षकांशी बोलताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : पोटात अल्सर कशाने होतो? उत्तरे ठरलेली येतात. तिखट खाण्याने, वेळी-अवेळी जेवण्याने, चहाने, जागरणाने आणि सर्वांत जास्त काळजीने. ही उत्तरे कोण कोठे शिकले हे सांगता येत नाही; ती आपल्या बोलण्यातच मुरलेली आहेत. त्यांना हसण्याचे कारण नाही. १९८० सालापर्यंत जगभरच्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही थोड्या वेगळ्या भाषेत जवळजवळ हेच लिहिलेले होते. ते बदलले कसे, आणि बदलायला इतका काळ का लागला, हे विज्ञान शिकवणाऱ्याने जाणून घ्यावे असे आहे. कारण या रोगाचा मुख्य कारक त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा दिसत होता. दिसत होता, पण ओळखला जात नव्हता.

प्रथम रोग म्हणजे काय ते पाहू. जठरात अन्न पचवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर असते. आम्ल इतके तीव्र, की रिकाम्या जठराचा सामू दीड-दोनच्या आसपास असतो. मांस पचवणारा हा रस खुद्द जठराला पचवत नाही, कारण आतील अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर पसरलेला असतो. हे संरक्षण एखाद्या जागी ढासळले, की तेथे जखम होते आणि ती खोल जात राहते. हाच व्रण, म्हणजे अल्सर. तो जठरात होतो, तसाच जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रातही होतो. जखमेत एखादी रक्तवाहिनी सापडली तर रक्तस्राव होतो. भिंतीला आरपार भोक पडले तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. नाहीतर रोगी वाचत नाही.

अडचण अशी, की बाहेरून या सगळ्याचा पत्ता लागत नाही. रोगी सांगतो, ‘पोटात दुखते’, ‘जळजळते’, ‘आंबट पाणी येते’. हेच शब्द जठराला नुसती सूज आलेला माणूस वापरतो, आम्ल अन्ननलिकेत उलटे येत असलेला वापरतो आणि पित्ताशयात खडे झालेलाही वापरतो. इतकेच काय, हृदयविकाराचा झटकासुद्धा ‘गॅस झाला’ म्हणून घरी सोसला जातो. आपण मराठीत या सर्वांना सरसकट ‘पित्त झाले’ किंवा ‘ॲसिडिटी’ म्हणतो, त्यामुळे घोटाळ्यात आणखी भर पडते.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी या दुखण्यांची विभागणी करण्याचा प्रयत्न केला होता. माधवनिदान हा ग्रंथच मुळी रोग ओळखण्याविषयीचा आहे. त्यात अन्न पचत असताना उठणाऱ्या शूळाला ‘परिणामशूल’ असे वेगळे नाव दिलेले आहे. दुखणे जेवणाच्या संदर्भात केव्हा उठते, हे विचारणे महत्त्वाचे आहे याची ती नोंद होय. पण परिणामशूल म्हणजेच आजचा अल्सर, असे समीकरण काही जण मांडतात ते आम्हांला पटत नाही. लक्षणे जुळली म्हणून आतली जखम जुळतेच असे नाही.

जखम दिसली ती प्रथम मृतदेहांत. शवविच्छेदनाची पद्धत युरोपात रुळल्यावर पॅरिसचे जाँ क्रूव्हेल्ये यांनी १८२९ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या चित्रमय ग्रंथात जठराच्या व्रणाचे सविस्तर वर्णन केले आणि तो कर्करोगाहून वेगळा असल्याचे दाखवले. म्हणजे रोगाचे निदान झाले, पण रोगी गेल्यावर.

जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याची पहिली मोठी संधी एका अपघाताने मिळाली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर कातड्यांच्या व्यापारात काम करणाऱ्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले, पण जखम भरताना पोटाच्या बाजूला थेट जठरात उघडणारे भोक कायमचे राहिले. बोमाँट यांनी रेशमी धाग्याला मांस, कोबी, पाव बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि अशा दोनशेहून अधिक प्रयोगांच्या नोंदी १८३३ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. जठरातील आम्ल हायड्रोक्लोरिक आहे हे इंग्लंडमध्ये विल्यम प्राऊट यांनी १८२४ मध्येच सांगितले होते. बोमाँट यांच्या नोंदींनी त्याचे काम डोळ्यांसमोर आणले. सेंट मार्टिन चिडलेला असला की त्याचे पचन बिघडते, हेही त्यांनी टिपले. म्हणजे ‘काळजीने पोट बिघडते’ या समजुतीमागे काही निरीक्षण होते. या प्रयोगांचा सेंट मार्टिनला मात्र उबग आला होता. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांच्या हाती देह पडू नये म्हणून घरच्यांनी तो कुजेपर्यंत पुरलाच नाही. विज्ञानाच्या इतिहासात अशा माणसांची बाजू क्वचितच लिहिली जाते.

पुढची साठ-सत्तर वर्षे हे जठर भोक न पाडता कसे पाहावे या खटपटीत गेली. जर्मनीतील आडॉल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये एक सरळ, ताठ नळी जठरापर्यंत उतरवली. ती गिळायला तयार कोण होणार? त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस गाठला. नळी उतरली, पण दिव्याचा उजेड आत पुरेसा पोचेना, त्यामुळे दिसले थोडेच. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागल्यावर दुसरा मार्ग निघाला. धातूचा न विरघळणारा क्षार खायला देऊन क्ष-किरणांत पाहिले, की जठराची आतली बाह्यरेखा उमटते. प्रथम बिस्मथचे क्षार वापरले जात, पुढे बेरियम सल्फेट. व्हिएन्नाचे मार्टिन हाउडेक यांनी १९१० मध्ये दाखवले, की व्रणाच्या खळग्यात हा लगदा शिरतो आणि चित्रात भिंतीला कोनाडा असल्यासारखा दिसतो. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सक बर्कली मॉयनिहॅन रोग्यांचे ऐकून निदान करत होते. जेवणानंतर दोन-तीन तासांनी, पोट रिकामे झाल्यावर किंवा मध्यरात्री दुखणे उठते आणि काही खाल्ले की थांबते, ही आद्यांत्राच्या व्रणाची खूण म्हणून त्यांनी रूढ केली. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट उघडून ते स्वतः जखम पाहत, त्यामुळे ऐकलेले आणि पाहिलेले ताडून बघणे त्यांना शक्य होते.

१९१० हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. झाग्रेबचे कार्ल श्वार्त्झ यांनी त्या वर्षी एक सूत्र मांडले : आम्ल नाही तर व्रण नाही. सूत्र चुकीचे नव्हते. पण त्यातून सगळ्यांचे लक्ष आम्लावर असे खिळले, की आम्ल अचानक अस्तराला जाळू का लागते, हा प्रश्न मागे पडला. शिकागोचे बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये दर तासाला दूध व साय पाजण्याचा आहार सुचवला. तो कित्येक दशके चालला. शल्यचिकित्सक जठराचा तुकडा काढून टाकत किंवा आम्ल स्रवण्याचा आदेश आणणारी चेतातंतूंची दोरी कापत. ऑपरेशनने बरेच रोगी सुधारत, पण काहींचे पचन जन्मभर बिघडून जाई. १९७६ मध्ये सिमेटिडीन हे आम्ल रोखणारे औषध इंग्लंडच्या बाजारात आले. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते, कारण व्रण गोळ्यांनी भरून येऊ लागले. फक्त गोळ्या थांबवल्या की बहुतेकांचे व्रण परत उमलत. रोगी वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहिला.

आता त्या शंभर वर्षांची दुसरी बाजू पाहू. १८९३ मध्ये इटलीतील तुरिनचे जुलिओ बिझोझेरो यांना कुत्र्याच्या जठराच्या अस्तरात मळसूत्री आकाराचे जीवाणू आढळले. १८९९ मध्ये पोलंडमधील क्राकोव्हचे वालेरी याव्होर्स्की यांनी माणसाचे जठर धुऊन काढलेल्या पाण्याच्या गाळात तसेच जीवाणू पाहिले आणि ते जठराच्या रोगाशी निगडित असावेत असेही सुचवले. पण ते त्यांनी पोलिश भाषेतील ग्रंथात लिहिले, आणि तो वाचणारे थोडे. १९०६ मध्ये जर्मनीत आणि १९४० मध्ये बोस्टनमध्ये पुन्हा तेच दिसले. प्रत्येक वेळी आक्षेप एकच होता : इतक्या तीव्र आम्लात जीवाणू जगूच शकत नाहीत. ते तोंडातून गिळले गेले असतील, किंवा मृत्यूनंतर वाढले असतील. मृतदेहाच्या जठराचे अस्तर फार लवकर खराब होते, त्यामुळे हा आक्षेप बिनबुडाचाही म्हणता येत नव्हता.

१९५४ मध्ये एडी पामर या अमेरिकन डॉक्टरांनी जिवंत रोग्यांच्या जठरातून चोखनळीने काढलेले १,१८० नमुने तपासले आणि मळसूत्री जीवाणू सापडत नाहीत असे जाहीर केले. एवढा मोठा आकडा पाहून वाद मिटला. पामर यांनी नमुन्यांना नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग दिला होता. त्या रंगात हे जीवाणू उठून दिसत नाहीत. चांदीच्या क्षाराने रंगवले तर काळेभोर दिसतात. वर्गात ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक समजावताना याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

ग्रीसमधील मेसोलोंगी येथील साधे गावडॉक्टर जॉन लिकूदिस यांचीही आठवण ठेवायला हवी. १९५८ पासून ते अल्सरच्या रोग्यांना प्रतिजैविके देत आणि रोगी बरे होत. त्यांचा लेख अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने परत पाठवला, आणि १९६८ मध्ये ग्रीसमधील अधिकाऱ्यांनी त्यांना ४,००० द्राख्मा दंड केला. ते १९८० मध्ये वारले. पण त्यांच्यापाशी जीवाणूही नव्हता आणि उपचार न घेणाऱ्या रोग्यांशी केलेली काटेकोर तुलनाही नव्हती. नुसता गुण येतो, एवढ्यावर विज्ञानाने विश्वास ठेवावा का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

चित्र पालटले ते एका नव्या साधनामुळे, आणि त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी १९५० नंतरच्या काळात लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वळणावळणाने नेता येते, हे त्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. तो लेख वाचून बेसिल हिर्शोवित्झ यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांबरोबर लवचीक दुर्बीण तयार केली आणि १९५७ मध्ये ती आधी स्वतः गिळून पाहिली. आज गावोगावी ‘दुर्बिणीने तपासणी’ म्हणतात तिचा उगम हा. पुढे या दुर्बिणीतून बारीक चिमटा घालून अस्तराचा हवा तेथला ताजा तुकडा काढता येऊ लागला. जिवंत, न कुजलेले नमुने रोजच्या रोज प्रयोगशाळांत येऊ लागले.

असाच एक नमुना ११ जून १९७९ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली होता. अस्तराच्या पृष्ठभागावर त्यांना एक निळसर रेघ दिसली. सहकाऱ्यांना ती दिसेना. वॉरेन यांनी नमुना चांदीच्या क्षाराने रंगवला आणि जीवाणूंची दाटी उघड झाली. मग ते प्रत्येक नमुन्यात ती शोधू लागले. जेथे जीवाणू, तेथे अस्तराला सूज, हा संबंध त्यांना वारंवार आढळला. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा शिकाऊ डॉक्टर संशोधनासाठी विषय शोधत त्यांच्याकडे आला. दोघांनी शंभर रोग्यांचे नमुने घेण्याचे ठरवले. जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवणे मात्र जमेना. तिसाहून अधिक प्रयत्न फसले. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोन दिवसांत काही वाढले नाही तर बश्या फेकून देत. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बश्या पाच दिवस उबदार पेटीत तशाच राहिल्या, आणि त्यांत जीवाणू वाढलेले दिसले. हा जीवाणू सावकाश वाढतो, एवढीच गोम होती. आद्यांत्रात व्रण असलेल्या १३ रोग्यांपैकी १३ जणांच्या जठरात तो सापडला.

तरीही हे मान्य व्हायला वेळ लागला. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पचनविकारतज्ज्ञांच्या संमेलनासाठी मार्शल यांनी पाठवलेला निबंध नाकारला गेला. आलेल्या ६७ निबंधांपैकी ५६ स्वीकारले होते. शंका रास्त होती : जीवाणूंमुळे रोग होतो, की रोगट अस्तरावर जीवाणू येऊन राहतात? प्राण्यांवरचे प्रयोग फसले होते. १९८४ मध्ये मार्शल यांनी आधी स्वतःचे जठर दुर्बिणीने तपासून ते निरोगी असल्याची नोंद करून घेतली आणि मग जीवाणूंचे दाट द्रावण पिऊन टाकले. काही दिवसांत पोट फुगल्यासारखे झाले, सकाळी उलट्या होऊ लागल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. पुन्हा तपासले तेव्हा अस्तर सुजलेले होते आणि त्यावर जीवाणू होते. ही हकिगत सांगताना विद्यार्थी थरारतात. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, अशा प्रयोगाचे अनुकरण करू नये. दुसरी, मार्शल यांना सूज आली, व्रण झाला नाही. ‘जीवाणू पिऊन अल्सर करून घेतला’ असे बऱ्याच ठिकाणी छापलेले असते, ते खरे नाही.

व्रणाविषयीचा पुरावा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच चाचणीत मिळाला. आद्यांत्राचे व्रण असलेल्या १०० रोग्यांत, ज्यांचे जीवाणू तसेच राहिले त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांचा भरलेला व्रण वर्षभरात उलटला. ज्यांचे जीवाणू नाहीसे झाले, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते. १९८९ मध्ये जीवाणूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञसभेने व्रणाच्या रोग्यांत हा जीवाणू असल्यास त्याच्यावर प्रतिजैविके द्यावीत असे सांगितले. त्याच वर्षी जठराच्या कर्करोगाच्या कारणांतही त्याची गणना झाली. २००५ मध्ये वॉरेन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्लात तो जगतो कसा, याचे उत्तर वर्गात करून दाखवता येते. या जीवाणूत युरिएज नावाचे विकर भरपूर असते. ते युरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार करते. अमोनिया भोवतालचे आम्ल उदासीन करतो आणि तेवढ्या आडोशात जीवाणू श्लेष्माच्या थरापर्यंत पोचतो. हेच विकर कच्च्या सोयाबीनमध्येही असते. सोयाबीनचे दाणे दळून चमचाभर पीठ अर्ध्या कप पाण्यात कालवा आणि त्यात अर्धा चमचा युरिया घाला. दुसऱ्या कपात तेवढेच पीठ पाण्यात चांगले उकळून, थंड करून मग युरिया घाला. तासाभराने दोन्हींत हळदीच्या कागदाची पट्टी बुडवा. पहिल्या कपातली लालसर होईल आणि अमोनियाचा उग्र वास येईल. दुसऱ्यातली पिवळीच राहील, कारण उकळल्याने विकर निकामी होते. दवाखान्यात नेमके हेच करतात. दुर्बिणीने काढलेला तुकडा युरिया आणि रंगदर्शक असलेल्या जेलीत ठेवला, की पिवळा रंग बदलून गुलाबी-लाल होतो. दुर्बीण नको असेल तर रोग्याला खूण केलेल्या कार्बनचा युरिया पाजतात आणि त्याच्या उच्छ्वासात तो कार्बन येतो का ते मोजतात. आम्ल रोखणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर या दोन्ही चाचण्या फसू शकतात, म्हणून त्या दोन आठवडे आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद कराव्या लागतात. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी सोपी, पण संसर्ग आता आहे की पूर्वी होऊन गेला हे तिला सांगता येत नाही.

एवढ्याने सगळा उलगडा झाला असे मात्र नाही. भारतात हा संसर्ग फार पसरलेला आहे. तो बहुधा लहानपणीच होतो आणि बहुसंख्य लोकांना व्रण कधीच होत नाही. कोणाला होतो हे जीवाणूच्या जातीवर, माणसाच्या घडणीवर, तंबाखूसारख्या सवयींवर अवलंबून असते. अल्सरचे दुसरे मोठे कारण तर आपल्या घरातच असते : सांधेदुखी-अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणि ॲस्पिरिन. तिखटाने जळजळ वाढते, पण व्रण होतो असा पुरावा नाही. मानसिक ताण एकटाच गुन्हेगार नसला तरी त्याला पूर्ण निर्दोष ठरवणेही घाईचे होईल. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर त्या भागात रक्तस्रावी व्रणांचे रोगी वाढले होते. आणि प्रतिजैविकांच्या मनमानी वापरामुळे हा जीवाणू आपल्याकडे काही औषधांना दाद देईनासा झाला आहे, त्यामुळे दुकानातून ‘अल्सरचा कोर्स’ घेणे धोक्याचे. शौचास डांबरासारखी काळी होणे, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणे, गिळायला त्रास, उतारवयात नव्याने सुरू झालेले पोटाचे दुखणे, यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये.

हा जीवाणू माणसाबरोबर किती काळ आहे? आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातील पदार्थांतून संशोधकांनी हेलिकोबॅक्टरचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच मिळवला आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. युरोपात सापडलेला असूनही त्याचे सर्वांत जवळचे नाते आज मध्य व दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या बाजूला, आढळणाऱ्या जातींशी निघाले. त्या माणसाच्या पोटात दुखत होते का, हे मात्र सांगता येत नाही. त्याच्या जठराचे अस्तर टिकलेले नाही.